दहातला एक

खेळ सुरू होण्याआधीच बेरिल हेस्केथबाईंनी कपाळावर हात मारला. त्यांच्या हौशी इतिहास मंडळाने उभ्या केलेल्या रोमन सैन्यातले दहाही वीर शत्रूकडे पाठ फिरवून चहाच्या तंबूकडे टक लावून उभे होते.

पाऊस पडत होता. थॉर्नबेकच्या जत्रेला तो पडतोच. छत्र्या उघडून अख्खं गाव दोरीपलीकडे बसलं होतं आणि पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता गॉर्डन ट्रँटर, गावच्या साप्ताहिकाचा संपादक आणि बाईंचा जुना विद्यार्थी. लॅटिनमध्ये कच्चा.

गॉर्डनच्या पेपरात गोगलगायी कोबी ‘डेसिमेट’ करत, पूर बाजारपेठ ‘डेसिमेट’ करी. म्हणजे साफ धुव्वा. असं काही छापून आलं, की लगेच बाईंचं पत्र जाई. रोमन तुकडीने पळ काढला, की दहा-दहा जणांत चिठ्ठ्या टाकत. ज्याच्या नावाने निघेल त्याला उरलेल्या नऊ जणांनी सोटे घालून मारायचं. हा शब्द लॅटिनमधल्या ‘दहाव्या’वरून आला. तेव्हा दहातले नऊ कोबी शिल्लक असतील, ते संपादकांनी दाखवावेत.

अखेर गॉर्डन वैतागला. "बाई, आता बोली भाषेत अर्थ बदललाय हो! पण जत्रेत तुम्ही लोकांना तो ‘दहातला एक’ दाखवलात ना, तर पहिल्या पानावर छापतो की मी चुकलो. नाही जमलं, तर तुमची पत्रं बंद."

बाई निवृत्त झाल्यापासून ती पत्रं हाच त्यांचा वर्ग होता.

खेळ सुरू झाला. चिठ्ठ्यांऐवजी शिरस्त्राणातून खडे काढले. काळा खडा निघाला पोस्टमन क्लाइव्हच्या हाती. नऊ जणांनी स्पंजचे सोटे घातले, क्लाइव्ह झकास मेला आणि मंडळाच्या रिवाजाप्रमाणे त्याला उचलून चहाच्या तंबूत नेलं. मेलेल्याला न्यूमोनिया होऊ नये म्हणून डोरीनने हा रिवाज पाडला होता. तंबूची मालकीण तीच. तिने क्लाइव्हच्या हातात गरम कप दिला, लोणी लावलेला स्कोन, म्हणजे गोडसर पाव, दिला. हे सगळं उरलेल्या नऊ जणांना स्पष्ट दिसत होतं.

त्यांच्यासमोर बाईंनी ठेवली होती जवाची गार पेज. वाचलेल्यांना शिक्षा म्हणून गव्हाऐवजी जवच देत. बाई इतिहासात काटछाट करत नसत.

"आई गं!" नॉर्मन खाटीक अचानक छाती धरून ओरडला. "सोटा मलाच लागला वाटतं!" आणि तो आडवा झाला.

"नॉर्मन, ऊठ!" बाई दातओठ खात म्हणाल्या.

"मेलोय मी, बाई. उचलायला सांगा ना कुणाला तरी."

"दोस्त गेला, आता जगून काय करू?" म्हणत तिसरा पडला. चौथ्याने शरमेने प्राण सोडला. पाचव्या-सहाव्याने एकमेकांना संपवलं. बघता बघता मैदानावर प्रेतांचा खच पडला. सर्वांत शेवटी ऐंशीच्या घरातले, ठार बहिरे विल्फकाका, सगळे झोपलेत तर आपणही झोपावं म्हणून, ढाल पांघरून झोपले.

उचलायला कुणी उरलंच नव्हतं.

गॉर्डन हसून लोटपोट. "बाई, याला म्हणतात डेसिमेट! माझ्या पेपरातलं! एकसुद्धा उरला नाही!"

लोक हसायला लागले. बाईंनी जवाच्या पेजेकडे पाहिलं. तंबूकडे पाहिलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी इतिहासाकडे पाठ फिरवली आणि कर्णा तोंडाला लावला.

"सूचना! रोमन सैन्यात मेलेल्यांना चहा देत नसत. मेलेले इथेच, ओल्या गवतावर, समारोपाची भाषणं संपेपर्यंत पडून राहतील. चहा आणि स्कोन फक्त जिवंतांना!"

"अगं, आणि ती पेज?" डोरीन तंबूतून ओरडली.

"ओतून दे!"

नॉर्मन असा उठला की जणू खाली विंचू असावा. त्यामागे दुसरा, तिसरा. हातातला कप सोडवेना म्हणून क्लाइव्ह कपासकट जिवंत होऊन मैदानात आला. चिखलाने माखलेले नऊ रोमन ताठ उभे राहिले. समोर गवतावर ढालीखाली एकच देह निश्चल होता. घोषणा ऐकू न आलेले विल्फकाका शांतपणे घोरत होते.

"मोज, गॉर्डन!" बाई कडाडल्या. "मोठ्याने!"

गॉर्डन उभा राहिला, वर्गात राहायचा तसाच. "नऊ उभे, बाई. एक मेला."

"सगळे म्हणा!"

"दहातला एक!" अख्खी जत्रा ओरडली. छत्र्या नाचल्या. त्या आवाजानेही विल्फकाकांनी कूस बदलली नाही.

सगळे पांगल्यावर बाईंनी स्वतः जाऊन विल्फकाकांना हलवलं आणि त्यांच्या हाती चहा दिला. मग तंबूत येऊन, उरलेल्यांतला सगळ्यांत मोठा स्कोन उचलून त्या ऐसपैस बसल्या. गॉर्डन समोर येऊन घुटमळला.

"पहिल्या पानावर छापतो, बाई. शब्द म्हणजे शब्द. पण एक विचारू? वाचलेल्यांना जव देत, असं तुम्हीच तर मागे लिहिलं होतंत. मग हे चहा-स्कोन कुठल्या रोममधलं?"

बाईंनी सावकाश घास संपवला, ओठांवरचं लोणी टिपलं.

"हरकत असेल तर संपादकांना पत्र लिही."