कोऱ्या पाण्यात निघालेलं विष

पोहण्याच्या तलावात अत्तराचा थेंब पडला तरी आमचं यंत्र तो हुडकून काढतं. त्याचं खरं नाव मास स्पेक्ट्रोमीटर, पण मी त्याला लाडाने 'नाकाड्या' म्हणतो. समुद्राच्या पाण्यातून बुडबुडे सोडायचे, पाण्यात मुरलेली रसायनं उडून वर येतात आणि नाकाड्या त्यांना वजनावरून ओळखतो. आणि नाकाड्याला ओळखतो तो फक्त मी, असं मी बारा वर्षं सगळ्यांना ऐकवत आलोय.

त्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. खाडीच्या पाण्याच्या चार बाटल्या आल्या आणि चारही बाटल्यांत एक विषारी द्रावक निघालं! मी ताबडतोब सासऱ्यांना फोन लावला. त्यांची मासेमारीची होडी आहे आणि सगळा किनारा त्यांच्या शब्दावर चालतो.

"बाबा, होड्या काढू नका. खाडीत विष आहे."

"जावईबापू, मासे तर मजेत दिसतायत."

"माशांकडे यंत्र नाही, बाबा."

अर्ध्या तासात बावीस होड्या किनाऱ्याला बांधल्या गेल्या. ऐन हंगामात!

साहेब आले. आलेख पाहून म्हणाले, "आधी कोरं पाणी तपासलंत ना?"

कोरं म्हणजे शुद्ध केलेलं पाणी. रोज पहिलं तेच तपासायचं, त्यात काहीच निघता कामा नये. त्या दिवशी मी ती पायरी वगळली होती. यंत्र कोण चालवतंय, हे बघा ना! मुकाट्याने तपासलं, तर कोऱ्या पाण्यात समुद्रापेक्षा जास्त विष.

मी चक्रावलो. बाटल्या बदलल्या, नळ्या बदलल्या, पाणी पुन्हा उकळलं. विष वाढतच चाललं. शेवटी डोकं धरून चहाला गेलो.

परतलो तर माझी सहायिका आलेखाकडे टक लावून बसलेली. "सर, तुम्ही नव्हता तेव्हा कोरं पाणी कोरंच आलं."

साहेबांनी मला यंत्राजवळ उभं करून कोरं पाणी एकदा तपासलं. मग जिन्यात पाठवून तपासलं. मग परत बोलावलं. मी आत आलो की विष, मी बाहेर गेलो की काही नाही. माझा तर जीवच घाबरा झाला. मला झालंय तरी काय?

"सर, हा सूट ड्रायक्लीनिंगहून कधी आणलात?" सहायिकेने विचारलं.

"काल संध्याकाळी. साहेब येणार म्हणून मुद्दाम..."

मी बाही नाकाशी नेली. ड्रायक्लीनिंग ज्या द्रावकाने करतात, तेच ते. सुटातून उडत होतं आणि नाकाड्या इमानेइतबारे हुंगत होता. सूट काढून बाहेर ठेवला, साहेबांसमोर बनियन आणि ॲप्रनवर सगळ्या बाटल्या पुन्हा तपासल्या. खाडी स्वच्छ होती.

आता फोन करणं भाग होतं. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे समुद्र चांगला आहे."

"हो, बाबा."

"खोट तुमच्यात आहे."

"हो... म्हणजे, सुटात."

"असू दे. हे मी मुलीला लग्नाआधीच सांगितलं होतं. तेव्हा यंत्र लागलं नव्हतं."