डचेस, पिकल आणि गव्हर्नरची बादली

"माझ्या गोठ्यात घोळ? शक्यच नाही!"

लाईल स्कोगननं जत्रेच्या कमिटीपुढे हे असं काही ठणकावून सांगितलं, की कोपऱ्यात पेंगणारे दोन मेंबर दचकून जागे झाले आणि ठराव कुठला ते न विचारताच हात वर करून बसले.

विषयच तसा होता. टॅमरॅक काउंटीच्या जत्रेत दर चार वर्षांनी गव्हर्नरपदाचे उमेदवार येतात, स्टुलावर बसतात आणि हातानं गाय पिळतात. पाच मिनिटं. ज्याच्या बादलीत दूध जास्त, तो जिंकला. बाकीचं विस्कॉन्सिन निवडणुकीचे अंदाज टीव्हीवर बघतं, टॅमरॅकवाले बादलीत बघतात. मागच्या नऊच्या नऊ निवडणुका बादलीनं बरोब्बर सांगितल्यात! भाषणं काय, सगळेच ठोकतात. पण गाईला थापा मारून बघा बरं!

लाईलचा जीव मात्र बादलीत नव्हता. तो अडकला होता एका खुर्चीत. जत्रेच्या गोठ्याच्या दाराशी एक ओकची जाडजूड खुर्ची आहे, पाठीवर 'गोठाप्रमुख' असं कोरलेली. लाईल अकरा वर्षं उपप्रमुख होता. म्हणजे प्रमुखानं खुर्चीत बसायचं आणि उपप्रमुखानं शेण काढायचं. आता जुने प्रमुख हॅरल्ड गुडघे बदलून मुलीकडे ॲरिझोनाला चालले होते. खुर्ची रिकामी होत होती.

कमिटीच्या अध्यक्ष बर्नडेट क्लाइन. बाई चष्म्याच्या वरून बघायला लागल्या की बैलसुद्धा रांगेत उभे राहतात. त्या म्हणाल्या, "लाईल, शनिवार नीट पार पाड. दोन्ही गाई सारख्या हव्यात. कुठल्याही पार्टीनं बोट दाखवता कामा नये. संध्याकाळी खुर्ची तुझी."

"सारख्या म्हणजे? जुळ्या बहिणी समजा!"

डचेस आणि पिकल त्याच्याच गाई. आई एक, वय सारखं, चारा एक, रोजचं दूधही जवळजवळ सारखं. बेत सोपा होता. शनिवारी सकाळी दोघींना पिळायचंच नाही. अकरा वाजेपर्यंत दोघी अशा भरलेल्या असतील की मंत्र्याच्या मेव्हण्यालाही दूध काढता येईल. शुक्रवारी दोन्ही उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. डचेस आली ज्युडिथ मॅथर यांच्या वाट्याला आणि पिकल ब्रॅड स्टोकली यांच्या.

आता गंमत अशी, की लाईलच्या घरातच निवडणूक पेटली होती.

त्याची बायको डोरीन मॅथरबाईंची. मॅथरबाई पूर्वी तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांनी तिला सातवीत एकदा 'व्यवस्थित मुलगी' म्हटलं होतं. सत्तावीस वर्षं झाली, डोरीन अजून त्या वाक्यावर जगत होती. लाईलचे वडील एनार कट्टर स्टोकलीवाले. स्टोकलीचं फर्निचरचं दुकान आणि एनारबाबांची आरामखुर्ची तिथली. "चौदा वर्षं झाली, एकदा कुरकुरली नाही!" बाबा म्हणायचे. "जो माणूस अशी खुर्ची विकतो, तो राज्य नाही चालवणार?"

अंगणात दोघांच्या पाट्या होत्या. डावीकडे मॅथर, उजवीकडे स्टोकली. घराच्या दारापासून दोन्हींचं अंतर लाईलनं टेप लावून मोजलं होतं. लाईलचं मत कुणाला, हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यालाही नव्हतं.

शनिवारी पहाटे पाचला लाईल गोठ्यात हजर. डचेस ठीक. पिकल ठीक. त्यानं मागे जाऊन जरा डोळे बारीक करून बघितलं.

डचेसची कास किंचित मोठी दिसत होती.

किंचितच हो! पण बर्नडेटबाईंचा चष्मा त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्यानं स्टूल ओढलं आणि डचेसचं थोडंसं काढलं. लिटरभर. मागे येऊन बघितलं, तर आता पिकल मोठी! मग पिकलचं काढलं. जरा जास्त निघालं. मग परत डचेसचं... लोणी वाटायला बसलेल्या माकडाची आणि दोन मांजरांची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. फरक एवढाच, की ते माकड लबाड होतं. लाईल बिचारा मनापासून न्याय करत होता!

शेवटी दोघी अगदी सारख्या दिसायला लागल्या तेव्हा तो समाधानानं उठला. पायाशी बघतो तर दुधाचा एक अख्खा कॅन भरलेला! "असू दे," तो स्वतःशीच म्हणाला. "आत भरपूर आहे." कॅन त्यानं वासरांना पाजून टाकला.

या सगळ्या न्यायनिवाड्यात तिसऱ्या खुंट्यावरची ग्लॅडिस राहूनच गेली. ग्लॅडिस म्हणजे त्याची जुनी, तापट गाय. जत्रेत आणली होती ती फक्त 'सर्वात वयस्कर दुभती' या बक्षिसासाठी. तिनं लाथेनं आत्तापर्यंत सात बादल्या, एक डॉक्टर आणि एक विमा एजंट उडवला होता. ती हंबरली. लाईल म्हणाला, "थांब गं बाई, आज तुझी निवडणूक नाही."

आठ वाजता डोरीन कॉफीचा थर्मास घेऊन आली. आज फारच गोड बोलत होती. "अरे, स्टेजवरची स्टुलं बघितलीस का? एक लंगडं आहे म्हणे."

"लंगडं? कुणाचं?"

"मला काय माहीत! जाऊन बघ ना. मी आहे इथे."

लाईल धावला. स्टुलं दोन्ही धडधाकट. परत आला तर डोरीनचा चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले आणि हातात टॉवेलनं झाकलेली बादली.

"हे काय?"

"चर्चच्या स्टॉलवर तांदळाची खीर करायचीय. दूध कमी पडत होतं. मिळालं बाई कुठूनतरी." आणि ती गेलीसुद्धा, व्यवस्थित मुलीसारखी, ताठ मानेनं.

साडेनवाला एनारबाबा काठी टेकत आले. "लेका, लाउडस्पीकर बोंबलतोय. उमेदवारांचा आवाज बेडकासारखा येईल. जा, बघ जरा."

"बाबा, तो ठीक आहे."

"मी बहिरा असून मला कळतंय आणि तुला नाही?"

लाईल गेला. लाउडस्पीकर ठणठणीत. परत आला तेव्हा बाबा डचेसच्या पलीकडून शीळ घालत बाहेर पडत होते. गोठ्यातली पाचही मांजरं कडब्यावर उताणी पडली होती, पोटं वर, मिशा पांढऱ्या.

"यांना काय झालं?"

"म्हातारी झाली असतील," बाबा म्हणाले.

तुम्हाला कळलं, मला कळलं. पण लाईलच्या डोळ्यांपुढे खुर्ची होती, त्यामुळे त्याला मांजरं दिसली पण पोटं दिसली नाहीत. त्यानं दोन्ही गाईंना खरारा केला, पाठीवर उमेदवारांच्या नावांच्या झुली घातल्या. कासा जरा मऊ वाटल्या. गर्दी बघून घाबरल्या असतील, असं म्हणून त्यानं स्वतःचीच समजूत घातली. ग्लॅडिस आता हंबरत नव्हती, भोंगा वाजवत होती.

अकरा वाजले. मांडव खच्चून भरला. टीव्हीवाले आले. एका बाजूला निळ्या टोप्या, दुसऱ्या बाजूला लाल टोप्या, आणि दोन्ही बाजूंच्या हातात तळलेल्या चीजचे सारखेच द्रोण. मॅथरबाई बाह्या सरसावून आल्या. स्टोकली दात काढून हसत आले. एवढे दात, की बर्नडेटबाईंनी सवयीनं वयाचा अंदाज घेतला.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "मी कुठे बसू?"

हा नॉर्ब ब्लाश्के. नळ दुरुस्त करणारा माणूस. सकाळपासून जत्रेतल्या पाण्याच्या हौदाची तोटी बदलत होता. दर चार वर्षांनी गव्हर्नरपदाला उभा राहायचा, स्वतःच्या पार्टीतर्फे. पार्टीत तीन मेंबर. त्यातल्या त्याच्या बहिणीचं मत अजून ठरलेलं नव्हतं.

"नॉर्ब, नंतर ये," लाईल दबक्या आवाजात म्हणाला. "स्पर्धा चाललीय."

"स्पर्धेलाच आलोय की! मतपत्रिकेवर नाव आहे माझं. सर्वात खाली आहे, पण आहे!"

बर्नडेटबाईंनी नियमांची वही उघडली, चष्म्यातून वाचलं, चष्म्यावरून बघितलं. "मतपत्रिकेवरचा प्रत्येक उमेदवार. बरोबर आहे त्याचं. लाईल, एक गाय आण."

लाईलला आनंदच झाला. ग्लॅडिसचा भोंगा बंद करायला कुणीतरी हवंच होतं. "ही घे. अपघात झाला तर मी जबाबदार नाही."

नॉर्बनं हौदाजवळ जाऊन गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवले, शांतपणे पुसले. "नळ असो की गाय," तो म्हणाला, "थंड हात लावला की दोघंही फुसफुसतात."

शिट्टी वाजली!

मॅथरबाईंनी डचेसची आचळं धरली. ओढली. काही नाही. परत ओढली. डचेसनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. पहाटे एकानं, नंतर दुसऱ्यानं आणि आता ही तिसरी! स्टोकली पिकलला म्हणाले, "चल गं राणी!" राणीनं शेपटीनं त्यांच्या हसण्यावर सपकन पोचारा मारला. एक मिनिट झालं. दोन झाली. मांडवात अशी शांतता पसरली, की तळणीतलं तेल ऐकू यायला लागलं. मॅथरबाईंच्या कपाळावरून घाम गळत होता. बादलीत पडणारी तेवढीच एक गोष्ट होती.

आणि तिसऱ्या कोपऱ्यातून आवाज येत होता: चुर्रर्र, चुर्रर्र, चुर्रर्र! नॉर्ब नाकातल्या नाकात गुणगुणत होता. ग्लॅडिस डोळे मिटून, सुटकेचा निःश्वास टाकत उभी होती. लाथबिथ काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिची कुणी वेळेवर विचारपूस केली, असा तिचा चेहरा!

पाच मिनिटं संपली. बर्नडेटबाईंनी मोजलं.

"मॅथर, तीन चमचे."

"स्टोकली, तीन चमचे."

"ब्लाश्के..." त्यांनी बादली उचलायचा प्रयत्न केला आणि परत खाली ठेवली. "ब्लाश्के, बादलीभर."

मग जो गोंधळ उठला! निळे म्हणाले लालवाल्यांनी केलं, लाल म्हणाले निळ्यांनी केलं. दोन्ही उमेदवार एकाच वेळी एकाच टीव्हीवाल्याला गाईबद्दल तक्रार सांगायला लागले. बर्नडेटबाईंनी शिट्टी फुंकली. सगळे थांबले.

"या गाई कुणी पिळल्या?"

लाईलच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. आणि तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

"मी," एनारबाबा म्हणाले. "डचेसची अर्धी बादली. फार नाही."

"बाबा!" डोरीन किंचाळली. "तुम्हीसुद्धा?"

"सुद्धा म्हणजे?"

डोरीन लाल झाली. "मी... पिकलची. अर्धीच. खीर सुंदर झालीय, हवी तर चाखून बघा!"

"शाबास सूनबाई!" बाबा म्हणाले. "मला वाटलं या घरात मी एकटाच बदमाश."

लोक हसले. बर्नडेटबाईसुद्धा हसल्यासारख्या वाटल्या. त्यांनी लाईलच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे घरच्यांनीच तुझा घात केला. तुझा काही दोष नाही रे."

बस! एवढं ऐकून लाईलनं गप्प बसायचं होतं. दारातून ती ओकची खुर्ची दिसत होती, ऊन पडलं होतं तिच्यावर. तोंड मिटून 'थँक यू' म्हणायचं आणि जाऊन टेकायचं. पण लाईलनं बायकोकडे बघितलं, बापाकडे बघितलं. दोघांनी अर्धी-अर्धी बादली कबूल केली होती. आणि त्याचा अख्खा कॅन! हिशेब बरोबरीचा होत नव्हता.

"मीपण," तो म्हणाला.

"तूपण काय?"

"पिळल्या. दोघीही. पहाटे. सगळ्यात जास्त मीच."

बर्नडेटबाईंचा चष्मा घसरला. "पण का?"

"सारख्या व्हाव्यात म्हणून."

मग नॉर्ब आपली भरलेली बादली सांभाळत उठला, दोन रिकाम्या बादल्यांत डोकावला आणि कौतुकानं म्हणाला, "झाल्यात की रे सारख्या! तीन चमचे, तीन चमचे. एका थेंबाचा फरक नाही!"

संध्याकाळी कमिटीची बैठक झाली. तीन मिनिटांत संपली.

नोव्हेंबरात मतदान झालं. गव्हर्नर कोण झालं ते बघायला टॅमरॅकमध्ये कुणी फारसं जागलं नाही. बादलीनंच दगा दिल्यावर टीव्हीवर काय विश्वास ठेवायचा! नॉर्ब तिसरा आला. बहिणीनं शेवटी त्याला मत दिलं की नाही, ते तो अजून तिला विचारतोय.

लाईलनं मतदानाच्या पडद्याआड बराच वेळ काढला. डोरीनचा विचार केला, बाबांचा विचार केला. शेवटी दोघांवरही अन्याय नको म्हणून दोन्ही नावांपुढे खूण करून आला. मत बाद! घरी तो कुणालाच काही बोलला नाही.

पुढच्या ऑगस्टात जत्रा भरली तेव्हा दाराशी ओकच्या खुर्चीत नॉर्ब बसला होता. खीर खात होता.

"लाईल," त्यानं वाटी खाली ठेवत हाक मारली, "ही खुर्ची जरा डावीकडे कलतेय का रे? बघ ना."

लाईलनं फावडं बाजूला ठेवलं, मागे जाऊन डोळे बारीक केले. किंचित कलत होती. किंचितच!

"करवत आणतो," तो म्हणाला. "एका पायाचं थोडंसंच कापावं लागेल."

नॉर्ब वाटीसकट उठून उभा राहिला.