चंद्रकोर बेरिंग

रणधीरनं आईसाठी गाडी घ्यायची ठरवली, इथपर्यंत सगळं ठीक होतं. कडूबाईंचे गुडघे एसटीच्या पायरीला नाही म्हणायला लागले होते, आणि रविवारी खंडोबाला गेल्याशिवाय त्यांचा आठवडा सुरूच होत नव्हता. (देव अणदूरला असला की अणदूर, नळदुर्गाला असला की नळदुर्ग. देव मुक्काम बदलतो, कडूबाई वार बदलत नाहीत.) आता धाराशिवच्या पतसंस्थेत कारकून असलेल्या माणसानं कशी, चारचौघांसारखी, कोपऱ्यावरचा कुणीही दुरुस्त करील अशी गाडी घ्यावी की नाही? पण रणधीरनं मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला आणि पुण्याहून जुनी हायब्रिड उचलून आणली.

"अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर," तो गल्लीभर सांगत सुटला.

"आणि बिघडली तर दाखवायची कुणाला?" त्याच्या बायकोनं, वैष्णवीनं, दारातूनच विचारलं.

"बिघडतच न्हाय ही."

पहिल्याच रविवारी अणदूरला गाडीची पूजा झाली. चाकाखाली लिंबं, पुढं नारळ, आणि मग भंडारा. रणधीरला अशा वेळी चढतंच. बोनेटवर उधळला, टपावर उधळला, मग दारं उघडून आत. कडूबाई मागच्या सीटवर बसलेल्या होत्या, त्या नखशिखांत पिवळ्या झाल्या. "आरं बास की," त्या म्हणाल्या, पण त्यांचं तोंड उघडलं की त्यातही भंडारा जायचा, म्हणून गप्प बसल्या. पुढं दर रविवारी हाच कार्यक्रम. देवाच्या कामात हात आखडता कशाला?

आणि गाडी म्हणाल तर खरंच गुणाची. चालू झालेली कळायची नाही. गल्लीतली कुत्री तिच्यापुढनं हलायची नाहीत, कारण त्यांच्या मते ती उभीच असायची.

मग एका रविवारी येताना घाटात समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागला. गाडीनं मान टाकली. म्हणजे चालली, पण एखाद्या नाराज पाहुण्यासारखी चालली. मागनं उसाचा ट्रॅक्टर पुढं गेला. ट्रॅक्टरवाल्यानं हात केला. रणधीरच्या ते फार मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी तो वैष्णवीला घेऊन बंडप्पाच्या गॅरेजला गेला. बंडप्पा म्हणजे गावातलं मोठं नाव.

"चालू करा," बंडप्पा म्हणाला.

"केली की."

"न्हाय हो साहेब, चालू करा."

"चालूच हाय."

बंडप्पानं बोनेटला कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ तसाच राहिला. मग डॉक्टर नातेवाइकांकडं बघतो तसं बघितलं. "बॅटरी गेली. अख्खी बदलावी लागल."

रणधीरनं खिसा चाचपला. तेवढ्यात वैष्णवी पदर सावरत अगदी गरीब आवाजात म्हणाली, "दादा, मागनं आवाज येतो बघा. ते चंद्रकोर बेरिंग तर गेलं नसल ना?"

बंडप्पा क्षणभरच थांबला. "गेलंच हाय वहिनी. म्या बोलणारच हुतो. लई अवघड पार्ट, सोलापुरातनं मागवावा लागल."

"मागवा," रणधीर म्हणाला. बायकोला एवढं कळतं याचा त्याला इतका अभिमान वाटला की पतसंस्थेत जाऊन त्यानं सगळ्यांना चंद्रकोर बेरिंग समजावून सांगितलं. ते कुठं असतं, का जातं, पावसाळ्यात त्याची काळजी कशी घ्यायची. (शिपायानं तर आपल्या मोटरसायकलचं पण बघून घ्यायचं ठरवलं.)

घरी मात्र वातावरण तंग होतं. वैष्णवीनं स्पष्ट सांगितलं, "रविवारपर्यंत भरवशाचा माणूस मिळाला तर ठीक. नाहीतर ही विकायची अन् साधी घ्यायची. आईंचा रविवार चुकता कामा नये."

"माझं काय न्हाय," कडूबाई म्हणाल्या. "देव काय रागवत न्हाय. म्या हितनंच हात जोडीन." आणि गुडघ्याला तेल चोळत बसल्या. असं बोललं की घरातल्या कुणालाही जेवण जात नाही.

मग आठवडाभर तुळजापूर झालं, सोलापूर झालं. एकानं ते बॅटरीचं लचांड काढूनच टाका म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं गॅसची टाकी बसवू म्हणून सांगितलं. आणि वैष्णवीनं विचारल्यावर चंद्रकोर बेरिंग मात्र प्रत्येकाच्या मते गेलेलं होतं. एकानं तर हातात धरून हलवूनसुद्धा दाखवलं. "बघा, केवढं ढिलं झालंय." रणधीर हळहळला. एवढी माणसं एकमुखानं सांगतायत म्हणजे केवढा मोठा बिघाड.

शनिवारी ते हळूहळू रखडत अणदूरजवळच्या हायवेवर पोचले. पत्र्याचं शेड, बाहेर चिंच, आत सिद्धाराम मेकॅनिक. कडूबाई पण आल्या होत्या. गाडी विकायचीच झाली तर, वार नसला तरी निदान देवाचं शेवटचं दर्शन, असं त्यांचं म्हणणं.

"दादा, चंद्रकोर बेरिंगचं काम करता का?" वैष्णवीनं विचारलं.

सिद्धारामनं हात पुसले. डोकं खाजवलं. "असलं काय म्या ऐकलं न्हाय, ताई. अन् ही गाडी बी मला पुरी कळत न्हाय. खोटं कशाला सांगू."

रणधीरनं बायकोला बाजूला ओढलं. "चल, निघू. याला चंद्रकोर बेरिंग ठाऊक न्हाय."

"यालाच द्यायची," वैष्णवी म्हणाली आणि चिंचेखालच्या बाकावर जाऊन बसली. बसण्याची पद्धत अशी की आता उठणार नाही.

सिद्धाराम म्हणाला, "माझा मावसभाऊ पुण्याला असल्याच गाड्यांवर कामाला हाय. त्याला इचारून करू का? तुमची हरकत नसल तर." त्यानं व्हिडिओ कॉल लावला. पलीकडनं मावसभाऊ म्हणाला, मागच्या सीटच्या बाजूला जाळी असते, तिथनं बॅटरीला हवा जाते, ती आधी बघ.

सिद्धारामनं जाळी काढली आणि आत टॉर्च मारला. मग बाजूला झाला आणि हातातला पेचकस खाली ठेवून पायातली चप्पल काढली.

आत सगळा भंडारा होता. पंख्याच्या पात्यांवर, नळीत, कोपऱ्याकोपऱ्यात, नुसता दाबून भरलेला.

"हवेचा पाईप मारून उडव," मावसभाऊ म्हणाला.

"देवाचा हाय, खाली न्हाय पाडायचा," सिद्धाराम म्हणाला. त्यानं खाली धुतलेलं फडकं अंथरलं आणि ब्रशनं कण न् कण गोळा केला, दुपार कलेपर्यंत. रणधीर बघत राहिला. बँकेत नोटा मोजणारासुद्धा एवढ्या मायेनं मोजत नाही. फडक्याची पुरचुंडी बांधून सिद्धारामनं ती कडूबाईंच्या ओटीत घातली. "झाडाच्या बुडात घाला, आज्जी. पन येवढा आत टाकला कुणी?"

"म्या न्हाय बाबा," कडूबाई म्हणाल्या आणि लेकाकडं बघितलं. वैष्णवीनं बघितलं. मावसभावानं पण फोनमधून बघितलं.

मावसभावानं सांगितलं तसं गाडी जरा गार होऊ दिली, लाल दिव्याची जुनी नोंद पुसली. गाडी सुरू झाली, म्हणजे कुणालाच कळलं नाही. फक्त लाल दिवा परत लागला नाही. कडूबाईंनी पुरचुंडीतला चिमूटभर भंडारा सिद्धारामच्या कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "उद्या येते रं. दर रविवारी येते."

निघताना रणधीरला राहवलं नाही. "ते सगळं ठीक हाय. पण चंद्रकोर बेरिंगचं काय?"

वैष्णवी इतकी हसली की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला. मग सांगितलं. भूमला तिच्या वडिलांचं बियाण्याचं दुकान. नवा व्यापारी आला की वडील जगात नसलेल्या ज्वारीचं नाव काढायचे. आहे की, म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावायचे. असलं काही ऐकलं नाही, म्हणणाऱ्याकडनंच माल घ्यायचे.

"मग चंद्रकोर बेरिंग?"

"नाव मी रात्री भाकरी थापताना काढलं."

रणधीर घरापर्यंत गाडीसारखाच शांत होता. खरं सांगायचं तर बायकोकडं बघायची त्याची नजरच बदलली. माणूस ओळखायचं असलं यंत्र घरात असताना आपण आठवडाभर भटकलो, हे त्याला आता कळलं. सोमवारी पतसंस्थेत हळूच विषय बंद करायचा, असं त्यानं ठरवून टाकलं.

सोमवारी ऐन गर्दीत बंडप्पा पतसंस्थेत आला. हातात कागदात गुंडाळलेलं, ग्रीस लावलेलं काहीतरी. सगळ्यांच्या माना वळल्या. शिपाई तर उठूनच आला.

"घावलं साहेब चंद्रकोर बेरिंग," बंडप्पा म्हणाला. "सोलापुरात शेवटचं हुतं."

रणधीरनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि सगळं माहीत असूनही त्याच्या तोंडून निघून गेलं,

"ओरिजिनल हाय ना?"