चार बोटांचं डायट

हिमरूच्या जाकिटाचं मधलं बटण काजापासून चार बोटं अलीकडंच थांबलं, आणि उस्मानपुऱ्यातल्या शफीक मास्तरांच्या दुकानात काकासाहेब आरशाकडं पाठ करून उभे राहिले.

लेकीच्या, राजनंदिनीच्या लग्नाला महिना उरला होता. हे हिमरूचं नक्षीदार कापड व्याह्यांनी मानाचं म्हणून पाठवलेलं. मांडवात ते घातलं नाही तर व्याह्यांचा अपमान, आणि बटणं उघडी टाकून घातलं तर स्वतःचा. चूक काकासाहेबांचीच होती. माप देताना त्यांनी पोट आत ओढून श्वास रोखला होता.

"आत शिवणीत जादा कापडाची माया सोडलीय साहेब, उसवून देतो," शफीक मास्तर म्हणाले.

"जाकिटाला हात नाय लावायचा. मीच कमी होतो. आजपासून डायट."

मास्तरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जाकीट लग्नाच्या आदल्या दिवशी न्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा पाऊस पडला. ऑफिसातल्या तन्वीरच्या मते वजन तूप सोडल्यानं वाढतं, म्हणून सकाळी दोन चमचे तूप. फुलंब्रीहून रोज ऑफिसला येणारे कारभारी म्हणाले, सगळा दोष गव्हाचा, ज्वारीची भाकरी खा, लोणी लावून. राजनंदिनीनं मोबाइलवर पाहून सांगितलं की दर दोन तासांनी बदाम-खजूर खावेत. पुढच्याच आठवड्यात तिनं सोळा तास उपाशी राहायचा व्हिडिओ दाखवला, पण त्यातला माणूस काकासाहेबांना विश्वासू वाटला नाही.

बाकी सगळं त्यांनी इमानेइतबारे पाळलं. फक्त हे जेवणाऐवजी खायचं असतं, असं कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. डायट म्हणजे औषध, आणि औषध जेवणानंतर घेतात, एवढं कोणालाही कळतं.

"आधी पोटभर जेवा, मंग काय ते डायट खा," त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई बजावायच्या. "रिकाम्या पोटी बाधतं." म्हणून आधी चार पोळ्या आणि भात, मग डायटची भाकरी.

पंधरा दिवसांत वजन अडीच किलो वाढलं. आतली चरबी निघायच्या आधी फुगते, असं तन्वीरनं समजावलं. त्यामुळं काकासाहेबांना इतका धीर आला की तुपाचे चमचे तीन झाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी काकासाहेब जाकीट न्यायला गेले. मनकर्णाबाई, तन्वीर, कारभारी सगळेच दुकानात हजर होते. काकासाहेबांनी डोळे मिटून जाकीट चढवलं. बटण काजात गेलं. वर श्वास सोडायलाही जागा उरली.

तन्वीर आणि कारभारी यांच्यात लगेच तूप की ज्वारी यावरून जुंपली, आणि भांडतच दोघं चहाला गेले. काकासाहेबांची छाती फुगली, तरी जाकीट बसलंच.

मग मास्तर त्यांच्या कानाशी आले. "साहेब, तुम्ही डायट म्हणालात ना, त्याच सांजेला मी सगळी माया उसवली. डायट धरलेली गिऱ्हाइकं मी लई पाहिलीत."

काकासाहेब ओशाळले. क्षणभर त्यांना या माणसाचे पाय धरावेसे वाटले, पण जाकिटात वाकता येईना.

मांडवात व्याह्यांनी त्यांना बाजूला घेतलं. स्वतःचा कोट पोटावर ओढत ते हळूच म्हणाले, "आम्ही धाडलेलं कापड तुम्हाला कमी पडंल म्हणून आम्हाला लई घोर होता. कोणाचं डायट म्हणायचं हे?"

"उस्मानपुऱ्यात शफीक म्हणून आहेत," काकासाहेब म्हणाले. "जाताना तेवढा हा कोट घेऊन जा."