नंबर वाटणाऱ्या सुलभाताई

लिफ्टमध्ये भेटल्या की सुलभाताई मला विचारतात, "अकरा नंबर बरा आहे ना?" शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, माझं कोणीतरी हॉस्पिटलात आहे. अकरा नंबर म्हणजे आमचा टीव्ही.

ताई कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्या. आता बाळकुमला आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. "यंत्र कुठलंही असो, आधी त्याचा नंबर पक्का करा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमची ओळख झाली ती मेश वायफायमुळे. मी नळ-टाइल्सचं दुकान शून्यातून उभं केलेला माणूस. वायफायचे तीन डबे दुकानदाराला घाम फोडून घेतले, घरभर लावले आणि नेटच गेलं. मोबाइलवर रेंज पूर्ण, पण खाली लिहून येई, आयपी ॲड्रेस मिळत नाही. नेटवाला म्हणे डबे खराब, डबेवाला म्हणे नेट खराब. दोघांशी भांडून माझा घसा बसला. ते भांडण ऐकूनच ताई खाली उतरल्या.

"ओरडू नकोस रे प्रकाश. आयपी ॲड्रेस म्हणजे घरातला एक्स्टेन्शन नंबर. तुझ्याकडे मोडेमही नंबर वाटतोय आणि हा डबाही. एका बोर्डावर दोन ऑपरेटर बसवले तर दुसरं काय होणार?"

त्यांनी मोडेमचं वाटप बंद केलं, सगळा कारभार एका डब्याकडे दिला. मग घरातली सगळी यंत्रं बंद करून एकेक सुरू करायला लावली. ज्याचा घरात मुक्काम जास्त, त्याचा नंबर आधी. आईच्या मोबाइलला दहा, टीव्हीला अकरा, मला सगळ्यांत शेवटचा.

"ताई, घर मी घेतलंय! टीव्ही माझ्या आधी?"

"तो घरी असतो. तू असतोस?"

बायको हसून हसून खाली बसली.

तेव्हापासून आमचं नेट हललेलं नाही. बाकीची बिल्डिंग नेटवाल्याची वाट बघते, मी कॉलर ताठ करून सांगतो, "आमची स्वतःची ऑपरेटर आहे."

डाचत होतं ते एकच. सेटिंगचा पासवर्ड ताईंनी बदलला आणि मला सांगितलाच नाही. घर माझं, डबे माझे, आणि साध्या प्रिंटरला नंबर द्यायलाही वर जाऊन बेल वाजवायची! गेल्या रविवारी मी सौदा करायलाच गेलो.

"ताई, पासवर्ड द्या. बाथरूमचे सगळे नळ बदलून देतो."

"नको."

"किचनचेही."

"नको म्हटलं ना."

माझं डोकं फिरलं. "डब्याच्या मागे पिन टोचली की तो कोरा होतो, माहितीये मला! पहिल्यापासून लावीन."

ताई म्हणाल्या, "लाव की. एक्स्चेंजमध्ये दिवसभर कानात कोणी ना कोणी बोलत असायचं रे. आता दाराची बेल वाजते ती तुमच्याच घरून कोणी आलं तर. पासवर्ड दिल्यावर तुम्ही वर कशाला याल?"

गिऱ्हाइकाला मी कधी उत्तराशिवाय सोडलेलं नाही. म्हणालो, "पासवर्ड राहू दे तुमच्याकडे. माझ्या कोलशेतच्या गोदामात वायफाय लावायचंय. तिथला बोर्ड कोण सांभाळणार?"

"रोज यावं लागेल?"

"सुरुवातीला तरी रोज. माझ्या गाडीतून चला."

गोदामात टाइल्सचे खोके आणि चार हमाल. तिथे नेट कोणालाच नको होतं.

"मग भाकऱ्या जास्त करते," ताई उठत म्हणाल्या. "तिखट चालतं ना सगळ्यांना?"