मेयरला शेळी खाते

या, जरा पुढं सरका. चर्चची घंटा व्हायला अजून वेळ आहे. तेवढ्यात आमच्या मोर्व्हिये गावची एक गोष्ट ऐका.

संत रॉखच्या सणाला फादर ओनोरे आमच्याकडे येऊन मिस्सा गातात. प्रवचनसुद्धा गाऊनच! पण गाव केवढं? सगळं मिळून एका बसमध्ये मावेल एवढं. त्यातही पुरुष चौकात लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळत बसलेले. "यंदा बाकं रिकामी दिसली, तर पुढच्या वर्षीपासून मिस्सा शेजारच्या गावी," फादरांनी बजावलं.

ओदिलकाकूंच्या काळजात धस्स झालं. त्या वर्षभर फादरांच्या त्या एका गाण्यावर जगत. तडक मेयर आन्सेल्मकडे गेल्या.

"एक दिवस येऊन बसलास तर झिजशील का रे?"

"काकू, देवाचं नि माझं बोलणं बंद आहे. हवा तर माझा जुना कोट न्या."

काकूंनी कोट खरंच नेला. चेरी कधीच उतरून झाल्या होत्या. बागांतली बुजगावणी रिकामटेकडी उभी होती. सणाच्या सकाळी काकूंनी ती ढकलगाडीतून आणून बाकांवर बसवली. पहिल्या बाकावर मेयरचा कोट घातलेलं. फादरांची नजर अधूच होती.

भरलेलं चर्च पाहून फादर विरघळले. असे गायले, असे गायले! कुणी खोकलं नाही, कुणी घोरलं नाही. एरवी 'शांती असो' म्हणताना ते वेदीवरूनच मान लववत. आज आनंदाच्या भरात खाली उतरले.

"मेयरसाहेब! तुम्ही? शांती असो!" त्यांनी हात धरून हलवला. तो सुटून त्यांच्याच हातात आला. "काकू! मेयरांचा हात!"

"वातानं होतं तसं. तुम्ही गा, फादर."

एवढ्यात पेंढ्याच्या वासानं काकूंची शेळी आत शिरली आणि मेयरचं डोकं खाऊ लागली.

"धावा! मेयरला शेळी खातेय!"

तो कमावलेला आवाज थेट चौकात पोचला. गोळे टाकून सगळे धावले. पुढं मेयर.

"कुणाला खाल्लं?"

"तुलाच, मेल्या!" काकू म्हणाल्या. "बस खाली."

फादरांनी हातातल्या हाताकडे पाहिलं, मग दाटलेल्या गर्दीकडे.

"काकू, दार लावा. प्रवचन पुन्हा पहिल्यापासून गातो."

मेयर आपल्याच बिनडोक्याच्या देहाशेजारी बसला. शेवटी शेवटी त्या जुन्या कोटाच्याच बाहीला डोळे पुसत होता.

मिस्सा अजून आमच्याच गावी होते. काकू मात्र आता नाहीत. ऐका, घंटा झाली. आत गेलात की काकूंची आठवण करा. शेळीचीही केलीत, तर देव रागावणार नाही.