सगळ्यांना एकेक

मोठ्या बाई बालवर्गात शिरल्या आणि सवयीप्रमाणे त्यांनी आपल्यामागे दार ओढून घेतलं. बालवर्गाचा गलका बालवर्गातच राहावा, असं त्यांचं ठाम मत होतं. दार खट्कन लागलं. ताईंनी हसून "या ना" म्हटलं, आणि मग त्यांची नजर दाराकडे गेली. हसू तोंडावर तसंच राहून गेलं. दाराला आतून हँडलच नव्हतं. हँडलच्या जागी एक चौकोनी भोक होतं आणि त्यातून बाहेरचा उजेड येत होता.

नेमकं आजच हे व्हायला नको होतं. वर्गाच्या एका कोपऱ्यात ताईंनी मोठ्या हौसेने लाकडी फळी ठेवली होती. तिच्यावर स्क्रू, नट, कड्या, आणि शेजारी इवल्या हातात मावतील असे खरेखुरे स्क्रूड्रायव्हर. मुलं तिथे जेवण विसरून रमायची. काही पालकांनी मात्र, "पोरं शाळेत घातलीत की गॅरेजात?" असं विचारलं होतं. कोपरा ठेवायचा की काढायचा, ते मोठ्या बाई आज स्वतः बघून ठरवणार होत्या. त्या जागी ठेवायचे प्लॅस्टिकचे ठोकळे त्यांच्या ऑफिसात आधीच येऊन पडले होते, तेव्हा निकाल कुठे झुकलाय ते सांगायची गरज नव्हती.

"बसते जरा," म्हणत मोठ्या बाई खुर्चीवर टेकल्या. त्यांनी पाठ टेकली मात्र, खुर्चीची पाठ मागे निघून पडली. सावरायला त्यांनी रॅकला धरलं, तर रॅकची फळी एका बाजूने कलली आणि रंगीत खडू त्यांच्या मांडीवर ओतले गेले.

"ताई, हा काय प्रकार आहे?"

"त्यांचे स्क्रू नाहीयेत," वकील म्हणाली. वकील म्हणजे चष्मा लावणारी एक किडकिडीत मुलगी. वर्गाच्या वतीने बोलायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं.

"कुठे गेले?"

"वाटले. सगळ्यांना एकेक. सगळ्यांना मिळाल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही ना! फळीवरचे पुरले नाहीत. मग खुर्चीचे काढले. मग रॅकचे. मग दाराचे." आणि ताईंकडे बघून तिने जोडलं, "आम्ही भांडलो नाही अजिबात."

ताईंनी कपाळाला हात लावला. शाळा उघडल्यापासून त्या घसा कोरडा करून हेच तर शिकवत होत्या: वाटून घ्या, पाळीपाळीने करा, ढकलाढकली नको. पोरांनी शब्द न् शब्द पाळला होता. रागवायचं तरी कशाबद्दल? सकाळी मोठ्या बाई येणार म्हणून त्या खिडक्या पुसत होत्या, तेव्हा पाठीमागची शांतता ऐकून त्यांना केवढं कौतुक वाटलं होतं!

"मावशी! बाहेरून उघडा हो दार!" त्यांनी हाक मारली.

बाहेर खडखड झाली.

"अहो ताई, हे माझ्या हातातच आलं की!"

"मग लावा परत!"

"कशात लावू? मधला दांडाच नाही!"

मोठ्या बाईंनी मांडीवरचे खडू झटकले. "पालक येतील आता मला भेटायला. आतलं हँडल कुणाकडे आहे?"

सगळ्या माना खिडकीखाली वळल्या. तिथे नवी बसली होती, दप्तर पोटाशी घट्ट धरून.

"तिला स्क्रू उरला नाही, म्हणून आम्ही तिला हँडल दिलं. दांड्यासकट," पैलवान म्हणाला. हा वर्गातला सगळ्यात बारका मुलगा.

नवीला येऊन दोन महिने झाले होते, तरी ती नवीच होती. घरघर खेळताना तिच्या वाट्याला कुठलंच नातं यायचं नाही. जोड्या करायची वेळ आली की ती येऊन ताईंचा हात धरायची. वर्गाने तिला आपण होऊन काही द्यावं, असं आजच घडलं होतं.

"दे बाळा ते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझंय."

"ते शाळेचं आहे ना?"

"मला दिलंय."

"ताई, घ्या हो काढून. एवढंसं तर पोर आहे."

ताई उठल्या, नवीपाशी गेल्या, हातही पुढे केला. हँडल घेतलं असतं तर दार उघडलं असतं, मोठ्या बाईंचा पारा उतरला असता, कोपरा वाचायची थोडीफार आशा राहिली असती. नवीने दप्तरावर हनुवटी टेकवली. ताईंनी हात मागे घेतला.

"ते तिचंच आहे, बाई. वर्गाने दिलंय तिला."

"म्हणजे आपण इथेच बसायचं?"

"जरा थांबू या."

मोठ्या बाईंना थांबायला सांगणारं माणूस बऱ्याच वर्षांत त्यांना भेटलं नव्हतं. त्या चक्क थांबल्या.

पैलवान नवीसमोर जाऊन उकिडवा बसला. "माझा स्क्रू घे, हँडल दे."

"नको."

"दोन देऊ," वकिलीणबाईंनी भाव वाढवला.

"नको म्हटलं ना."

पैलवानाने डोकं खाजवून विचार केला. "मग तूच लाव. आम्ही धरतो."

नवीने हनुवटी उचलली. "फिरवणार मीच?"

"तूच."

"आणि कोणी ढकलायचं नाही."

"रांग लावतो."

खिशांतून, डब्यांतून, एकाच्या मोज्यातून स्क्रू निघाले. दाराचे कुठले यावर थोडी चर्चा झाली. दोघांनी हँडल धरलं, वकिलीणबाईंनी सूचना केल्या, नवीने त्यातली एकही ऐकली नाही. जीभ दातांत धरून ती फिरवत राहिली. शेवटी तिने हँडल दाबलं, दार उघडलं, आणि दाराला कान लावून उभ्या असलेल्या मावशी दुसऱ्या हँडलसकट आत आल्या.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मोठ्या बाई मात्र उभ्या राहिल्या. "खुर्ची गेली, रॅक गेलं, मी कोंडले गेले. ताई, हा कोपरा..."

"बाई, तुम्हाला राहिला की!" पैलवानाने मूठ उघडली. तळहातावर त्याच्या वाट्याचा पितळी स्क्रू होता. "घ्या. सगळ्यांना एकेक."

स्क्रू चकचकीत होता. वर्गात असला एकही नव्हता.

"हा कुठला?"

वकील चष्मा पुसू लागली. मग हळूच म्हणाली, "तुमच्या ऑफिसच्या पाटीचा. हात धुवायला गेलो तेव्हा, बाकावर चढून. एकच काढला. बाकीचे घट्ट होते."

मोठ्या बाईंनी स्क्रू घेतला आणि तडक निघून गेल्या. ताईंनी खोकं आणलं आणि स्क्रूड्रायव्हर एकेक करून त्यात ठेवायला घेतले. मुलं बघत राहिली. कुणी कारण विचारलं नाही, हे ताईंना जास्त लागलं.

तेवढ्यात मावशी आल्या. "मोठ्या बाईंनी त्या हँडलवालीला बोलावलंय. स्क्रूड्रायव्हर घेऊन ये म्हणाल्यात."

ताई मागोमाग गेल्या आणि खांबाआडच थबकल्या. नवी ऑफिसबाहेरच्या बाकावर उभी होती. मोठ्या बाईंनी आपली पाटी दोन्ही हातांनी धरली होती आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"अशी धरू?"

"वर."

"एवढी?"

"आता हलू नका."

मोठ्या बाईंना ताई दिसल्या. "बघत काय राहिलात? ते ठोकळे परत पाठवायचं बघा, आणि..."

"हलू नका म्हटलं ना!" नवी म्हणाली.

"बरं बरं," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या.